हवेतला वेळ

वृषाली खराडेने सातवीनंतर हातात रंग धरला नव्हता. सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या गल्लीत ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची, आणि चित्र म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे वर्तुळ, स्पर्शिका आणि काटकोन एवढंच यायचं. त्यामुळे अभ्यासगटाच्या पहिल्याच बैठकीत तिच्यासमोर एक पांढरी पाटी, तिच्यावर कोरा कागद आणि एक जाडसर पेन ठेवलं गेलं, तेव्हा तिने ते हलकेच मागे सरकवलं.

"मॅडम, मला भूमिती येते. चित्रकला नाही."

"मग भूमिती काढा," डॉ. निलोफर मुजावर म्हणाली. "इथं चांगलं काढणाऱ्याला बक्षीस नाही, वाईट काढणाऱ्याला छडी नाही. नकोसं झालं तर मध्येच उठून चहा प्यायला जायचं. काढलेलं कुणाला दाखवायचं की फाडून टाकायचं, तेही तुमचं तुम्ही ठरवायचं."

निलोफर मिरजेची, पस्तिशीच्या आतली. घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या नातेवाइकांवर तिचं संशोधन चाललं होतं. आधी तिने प्रश्न विचारून पाहिले होते. थकवा येतो का? राग येतो का? सगळ्यांचं उत्तर एकच, "छे हो, आपलंच माणूस आहे." त्यापुढे कुणी बोलायचं नाही. मग एकदा एका बाईने बोलता बोलता समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेवर एक विहीर काढली, विहिरीच्या काठावर स्वतःला काढलं, आणि मग पेन खाली ठेवून ती तासभर बोलली. तेव्हापासून निलोफरने प्रश्नावली बाजूला ठेवली होती. दर गुरुवारी दुपारी एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दहाबारा माणसं जमायची आणि चित्रं काढायची. ज्यांना ती सांभाळत, ती माणसं शेजारच्या खोलीत बसायची.

वृषालीसोबत तिचा भाऊ आला होता, धैर्यशील. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. आता चाळिशी ओलांडलेला, दारात मावणार नाही असा धिप्पाड, आणि समज चार वर्षांच्या मुलाची. रात्री-अपरात्री झटके यायचे. आई गेली, नंतर वडील सगळं विसरत विसरत गेले, आणि धैर्या थोरल्या बहिणीकडे राहिला. वृषालीचं लग्न राहूनच गेलं. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती, निदान शब्दांत तरी.

"तुमचं घर काढा," निलोफर सगळ्यांना म्हणाली. "आणि घरात तुम्ही कुठं असता, तेही."

वृषालीने पट्टीने आखल्यासारखं घर काढलं. स्वयंपाकघर. धैर्याची खाट. तो बाहेर पळू नये म्हणून दाराच्या अगदी वर बसवलेली कडी. खिडकीतलं त्याचं स्टूल. सगळं जागच्या जागी.

"आणि तुम्ही?" निलोफरने हळूच विचारलं.

वृषालीने पेन उचललं. खाटेजवळ नेलं, तिथून ओट्यापाशी, तिथून दारापाशी. टोक कागदाला टेकेना. "मी... मी सगळीकडंच असते की," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिला रडू फुटलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने खांद्यावरचा पंचा काढून तिच्यापुढे धरला.

"घ्या ताई. सकाळीच धुतलाय."

ते समडोळीचे अण्णा मगदूम. त्यांच्या बायकोला, पद्माकाकूंना, स्मृतिभ्रंश झाला होता. अण्णांनी घर काढलंच नव्हतं. एक खाट काढली होती आणि खाटेच्या चहूबाजूंनी छपरापर्यंत वाढलेला ऊस.

त्यानंतर वृषालीने एकही गुरुवार चुकवला नाही.

*

पेन साधं नव्हतं. त्याच्या टोकात दाब मोजणारा संवेदक होता आणि पाटीखाली तारांचं बारीक जाळं. टोक कागदावर असताना तर ते कुठे आहे हे पाटीला कळायचंच, पण टोक दोन बोटं वर हवेत असतानाही कळायचं. हा हवेतला वेळ संशोधकांना महत्त्वाचा वाटत होता. माणूस एक रेघ संपवून दुसरी सुरू करतो तेव्हा मधल्या क्षणात मेंदू पुढची आखणी करतो. ती आखणी बिघडू लागली की हात हवेत रेंगाळतो, कापतो, आणि कागदावर उतरला तरी दाब एकसारखा पडत नाही. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, यंत्राला दिसतं. हजारो वृद्धांच्या चित्रांवर ते यंत्र शिकलं होतं. त्यांच्यातल्या कुणाला पुढे विस्मृती झाली, कुणाला नाही, हे त्याला सांगितलं गेलं होतं. त्यामुळे आजार घरात शिरण्याच्या बऱ्याच आधी त्याला त्याची चाहूल लागायची. निलोफरने हे पेन निवडलं होतं ते सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजायला. आजार ओळखणं ही त्याची मूळची सवय, ती पेनाबरोबरच आली होती.

पावसाळा सरता सरता एका दुपारी निलोफर वृषालीच्या घरी आली. शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती. धैर्या खिडकीतल्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. दाणे एका वाटीत, टरफलं एका वाटीत, आणि मधूनच सगळं परत एकत्र.

"आक्का, पावनी आली," तो म्हणाला.

"हो रे राजा. तिला दाणे दे."

त्याने मूठभर टरफलं निलोफरच्या ओंजळीत ठेवली. निलोफरने ती तशीच धरून ठेवली.

"ताई, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, पेनाला तुमच्या तब्येतीबद्दल काही वेगळं दिसलं तर सांगू का?"

"सांगा म्हटलं होतं मी," वृषाली चहा गाळत म्हणाली. "काय, साखर वाढली?"

निलोफरने सांगितलं. सावकाश, सगळे 'कदाचित' आणि 'बहुधा' लावून सांगितलं. वृषालीला त्यातलं मोजकंच ऐकू आलं. वडिलांना जे झालं तेच. वर्ष-दीड वर्षात दिसू लागेल.

"चूक असू शकते ना?"

"असू शकते. दहातल्या एका वेळी चुकतं."

गणिताच्या बाईला दहातला एक म्हणजे किती ते कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने धैर्याकडे पाहिलं. त्याने वाट्या पालथ्या घातल्या होत्या आणि तो आनंदाने टाळ्या वाजवत होता.

"मग ह्याचं काय?" ती म्हणाली. स्वतःविषयी तिने दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

*

मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. निकाल मधल्या पट्ट्यात आला, ना धड इकडे ना तिकडे. स्मरणाच्या चाचणीत तिला सात शब्द ऐकवून थोड्या वेळाने विचारले तर तीनच आठवले. आदल्या रात्री धैर्याला दोनदा झटके आले होते हे तिने सांगितलं, डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. "वडिलांना होतं म्हणता. पेनही तेच म्हणतंय. सहा महिने थांबून पुन्हा बघू," ते म्हणाले.

पण एकदा कानावर पडलेलं काही थांबत नाही. दूध उतू गेलं की ती तो दिवस वहीत मांडून ठेवायची. फळ्यावर वर्गसमीकरण सोडवताना चिन्ह चुकलं आणि एका मुलीने "बाई, वजा" म्हटलं, तेव्हा तिने खडू खाली ठेवला आणि शिकवणी लवकर सोडली. किल्ली सापडली नाही, आजार. शेजारणीचं नाव जिभेवर अडलं, आजार. पूर्वी ह्याच चुकांना ती 'झोप झाली नाही' म्हणायची. आता तो शब्द तिला सुचेनासा झाला.

अण्णा मगदुमांनाही पेनाने तेच सांगितलं होतं. दोघं फोनवर बोलायची.

"माझं सोडा, माझं वय झालंय," अण्णा म्हणायचे. "पर हिला कोन भरवनार? मी विसरलो आनि हीबी विसरली, तर घरात चूल पेटवायची हे आठवनार कुनाला?"

वृषालीपुढे आणखी एक भिंत होती. ती धैर्याची कायदेशीर पालक. नव्या नियमाप्रमाणे पालकाला विस्मृतीचं निदान झालं की त्याच्या सहीला किंमत राहत नसे. मग अपंग माणसाला कुठे ठेवायचं ते सरकारी समिती ठरवणार, आणि समिती जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवणार, मग ते चारशे कोसांवर का असेना. आज तिची सही चालत होती. सहा महिन्यांनी चालेल की नाही, कुणी सांगावं?

तासगावच्या पुढे द्राक्षबागांमध्ये एक निवास होता. स्वच्छ, मोकळा, माणसं चांगली. तिथे एक जागा रिकामी झाली होती. वृषाली तीनदा जाऊन बघून आली. स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिले, रात्री कोण जागतं ते विचारलं. तिथला आनंदा नावाचा मदतनीस एका मुलाला भरवत होता, घास पुढे धरून घाई न करता थांबत होता. ते पाहून तिने ठरवलं.

"ताई, थोडं थांबू या," निलोफर म्हणाली. "निदान दुसरी चाचणी होईपर्यंत."

"आणि तेव्हा ही जागा गेली तर? तेव्हा माझी सही गेली तर?" वृषाली म्हणाली. "माझ्या बाबांनी शेवटी मला ओळखलं नाही, निलोफर. दारात उभी राहिले तर म्हणाले, कोण बाई तुम्ही, बाहेर व्हा. मी धैर्याला असं म्हणाले तर तो कुठं जाईल? त्याला कडी तरी काढता येते का?"



शेवटचे काही गुरुवार वृषालीने एकच काम केलं. धैर्याला कसं सांभाळायचं ते तिने काढलं. लिहून देऊन काम भागणार नव्हतं. 'कुशीवर वळवावे' हे लिहिता येतं, पण झटका ओसरताना हात नेमका कुठे आणि किती हलका ठेवायचा, ते लिहिता येत नाही. तिने त्याची पाठ काढली आणि पाठीवर आपला पंजा काढला. नखं कापताना तो हात ओढतो, तेव्हा आधी आपलं नख कापल्याचं नाटक करायचं, ते चार चौकटींत काढलं. भाताचा घास केवढा, तो जीव ओतून गोल गिरवला. कपडे बदलताना त्याला लाज वाटते, म्हणून त्याच्यापुढे धरायचा पडदा काढला. निलोफर एकेक कागद बघत होती. इतक्या संशोधनात तिने प्रेमाचं असं चित्र पाहिलं नव्हतं, पण ते बोलून दाखवायची तिला लाज वाटली.

*

धैर्याला गाडीत बसायला आवडायचं. तासगावपर्यंत तो बैल दिसला की "बैल" आणि ट्रॅक्टर दिसला की "भुर्र" म्हणत होता. निवासात मदतनीस आनंदाने त्याला छाटलेली द्राक्षाची वेल दाखवली, तो तिच्याकडे बघत राहिला. मग वृषालीने पिशवी खाली ठेवली.

"धैर्या, तू इथं राहायचं. आनंदामामा आहेत. मी जाऊन येते."

"आक्का, बाजार?"

"हां. बाजार."

खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण तोंडातून तेच बाहेर पडलं.

पहिले काही आठवडे भेटू नका म्हणजे रुळतात, असं तिथल्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं होतं. ती फोन करायची. "जेवला का?" "जेवला की," आनंदा म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात एक किंचित खाच पडायची. दिवाळीनंतर ती भेटायला गेली तेव्हा धैर्या धावत आला आणि तिच्या अंगावर असा कोसळला की दोघंही अंगणात पडली. दिवसभर त्याने तिचा पदर सोडला नाही. निघताना फाटकाच्या गजांवर त्याने कपाळ आपटायला सुरुवात केली. आनंदाने मागून त्याला मिठी मारली, पण गाडी वळेपर्यंत ती धडधड ऐकू येत होती.

त्या दिवशी वृषालीने सगळ्यांत कठीण निर्णय घेतला. जायचं नाही. आज आपण त्याला ओळखतो म्हणून जातो, पण ज्या दिवशी ओळखणार नाही त्या दिवसाचं काय? त्याने आपल्या अंगावर झेप घ्यावी आणि आपण त्याला ढकलावं? त्यापेक्षा आत्ताच, आपलं डोकं शाबूत आहे तोवर, त्याची आपली सवय सुटू दे. लहानपणी आईने त्याचं अंगावरचं दूध तोडलं तेव्हा कडू लावलं होतं, तसं.

ती गेली नाही. फोनही कमी केले. माघात एकदा आनंदाने आपणहून फोन केला. "ताई, नियमात बसत नाही, तरी सांगतो. संध्याकाळी फाटकापाशी बसतोय. ताट तिथंच न्यावं लागतंय. खातो थोडं... कमीच खातोय."

"रुळेल हो," ती म्हणाली. तिने फोन ठेवला आणि भातात मीठ दोनदा टाकलं. त्या दुसऱ्या मिठाचंही नाव तिने आजारच ठेवलं.

फाल्गुनात त्याला ताप आला. अंगात काही उरलं नव्हतं, छाती भरली. ती पोहोचली तेव्हा त्याला दवाखान्यात हलवलं होतं. नाकाला नळी. एवढा धिप्पाड माणूस, त्याची मनगटं तिच्या मुठीत मावत होती. त्याने डोळे उघडले, आणि इतके महिने ती ज्याची आपली सवय सोडवत होती, त्याने तिला पाहताक्षणी ओळखलं.

"आक्का. बाजार झाला?"

"झाला रे राजा."

"चल. घरी."

"हो. आत्ता जाऊ. जरा बरं वाटलं की लगेच."

ती त्याच्या पाठीवर, तिने काढून दिलं होतं नेमकं त्याच जागी, हात ठेवून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

*

लोक सांत्वनाला येऊन गेले. "सुटला बिचारा," म्हणाले. काही जण, "तूही सुटलीस," म्हणाले. वृषाली ऐकून घ्यायची. तिला आधार होता तो एकाच गोष्टीचा, आणि ती गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती. आपण हे विसरणार आहोत. वर्षभर, फार तर दोन वर्षं. मग फाटकाचे गज, धडधड, 'बाजार झाला?', सगळं पुसलं जाईल. तिने विसरण्याची वाट बघायला सुरुवात केली.

पण विसर येईना. उलट तिला झोप येऊ लागली. पंचवीस वर्षांत जी सलग लागली नव्हती, ती झोप. रात्री डोकं टेकलं की उजाडेपर्यंत जाग नाही. उठल्यावर तिला स्वतःची लाज वाटायची. शिकवणीत तिला मुलांच्या आधी उत्तरं सुचू लागली. किल्ल्या जागेवर सापडू लागल्या. शेजारणीच्या नातवंडांचीही नावं आठवायची. आणि आनंदाच्या आवाजातली ती खाच तर इतकी स्पष्ट आठवायची, जणू तो आत्ताच बोलून थांबलाय.

निलोफरच्या आग्रहावरून ती दोनतीन गुरुवार पुन्हा गेली. पाटीवर तिने काही न सांगता फाटक काढलं. एकेक गज, न थांबता, सरळ.

वैशाखात निलोफर घरी आली. खिडकीतल्या स्टुलावर आता वह्यांचा गठ्ठा होता. निलोफर उभीच राहिली. तिचा चेहरा बघून वृषालीला वाटलं, आजार वाढलेला दिसतोय, आणि तिला चक्क हायसं वाटलं.

"बोल," ती म्हणाली.

"ताई, तुम्हाला काही झालेलं नाही."

वृषालीला कळेना.

"पेन चुकलं. तुमच्या एकटीच्या बाबतीत नाही, आपल्या अख्ख्या गटात." निलोफर पाठ केल्यासारखं बोलत होती, कारण तसं बोललं नसतं तर ती बोलूच शकली नसती. "ते यंत्र ज्या लोकांवर शिकलं ते निवांत झोपणारे लोक होते. त्यांच्यात हात हवेत रेंगाळला तर तो आजारच असायचा. रात्रीत चारदा उठणारं, वर्षानुवर्षं एक कान उघडा ठेवून झोपणारं माणूस त्याने कधी पाहिलंच नव्हतं. अशा माणसाचाही हात रेंगाळतो, कापतो. थकव्याची रेघ आणि आजाराची रेघ त्याला सारखीच दिसते. मला हे कळलं ते... ज्यांचं सांभाळणं संपलं, त्यांच्या रेघा सुधारायला लागल्या तेव्हा. आजार असता तर त्या सुधारल्या नसत्या."

"माझी सुधारली."

"हो."

"म्हणजे तो गेला म्हणून मी बरी झाले."

"तुम्ही आजारी नव्हताच, ताई."

"तेच म्हणतेय मी."

बाहेर कुणीतरी भंगार मागत चाललं होतं. निलोफर रडत होती. आपण हिच्यावर ओरडावं असं वृषालीला वाटलं, शब्दही आले होते. पण त्यांच्या आधी दुसराच प्रश्न बाहेर पडला.

"मग मी हे विसरणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

निलोफरने नकारार्थी मान हलवली. वृषाली भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. माणसं जी बातमी ऐकायला देवापुढे नवस बोलतात, ती बातमी तिला मिळाली होती, आणि तिच्याकडे उरलेलं एकुलतं एक औषध त्या बातमीने काढून घेतलं होतं.

बसल्या बसल्याच तिने विचारलं, "अण्णा?"

"सकाळपासून फोन लावतेय. लागत नाही. तेही पद्माकाकूंना एका निवासात ठेवतायत, न्यायला आज दुपारी गाडी येणार आहे. इथून मी तिकडंच निघालेय."

वृषाली उठली. तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या.

"तुम्ही कशाला, ताई? तुमची अवस्था..."

"तू सांगितलंस तर अण्णा म्हणतील, डॉक्टर लोक आज एक बोलतात, उद्या एक. मी सांगते."

*

समडोळीत अण्णांच्या दारात गाडी आधीच उभी होती. ओट्यावर पिशवी. पद्माकाकूंना ठेवणीतलं इरकल नेसवून खुर्चीत बसवलं होतं. कुंकू जरा तिरकं लागलं होतं. अण्णा त्यांच्या पायांत मोजे चढवत होते आणि मोजा टाचेपाशी अडकून बसला होता.

वृषाली त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि एका दमात सगळं बोलली. अण्णांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते हसले, मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

"म्हंजे मला काय न्हाय?"

"झोप नाही, एवढंच."

"आनि तुमच्या धैर्याला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मोजा हातातच राहिला. "ताई, तुमी हितं का आला? एवढं झाल्यावर तुमी माझ्या दारात कशा येऊ शकला?"

निलोफर बाहेर जाऊन गाडीवाल्याशी बोलली. गाडी मागे घेत घेत गल्लीतून निघून गेली. अण्णा तो आवाज ऐकत जमिनीवरच बसून राहिले. बसल्या बसल्या त्यांचे डोळे मिटायला लागले.

"अण्णा, आत जाऊन पडा," वृषाली म्हणाली. "मी आहे काकूंपाशी."

"ती नव्या मानसाला..."

"मी बघते. तुम्ही झोपा."

ते आत गेले. निलोफर ओट्यावर पाठमोरी बसली होती. वृषालीने मोजा उचलला, काकूंच्या टाचेवरून अलगद ओढला, तिरकं कुंकू पुसून सरळ लावलं. काकू तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कुनाची गं तू?"

"मी वृषाली. सांगलीची."

"घरात कोन कोन?"

"एक भाऊ होता. धैर्यशील."

"व्हता?"

"गेला, काकू."

"अगं आई गं," काकू म्हणाल्या. त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावरून आपला खरखरीत हात फिरवत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. ते गालावर ओघळलं तोवर ते कशासाठी आलं हे त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, पदराशी चाळा केला, आणि मग समोर कुणीतरी बसलेलं दिसून त्यांना नव्याने आनंद झाला.

"कुनाची गं तू? घरात कोन कोन?"

वृषालीने तोंड उघडलं. तेच वाक्य दुसऱ्यांदा तिच्याने म्हणवेना.

"भाऊ असतो, काकू. धैर्या."

"ल्हाना?"

"हो. लहानच आहे."

"एकटाच हाय घरी?"

"हो."

"मंग जा की बाई!" काकूंनी तिचा हात सोडला आणि तिला दाराकडे ढकललं. "हितं काय करत बसलीस? पोरगं वाट बघत आसंल. आशी वाट बघायला लावू ने लेकराला. जा, ऊठ!"

आतल्या खोलीत अण्णांचं घोरणं सुरू झालं होतं, खोल, सलग. वृषाली उठली नाही. काकू तिला ढकलत राहिल्या, आणि ती "जाते, काकू, जाते" म्हणत तिथेच बसून राहिली.